गोळी सुरू झाली आणि बसवेनासे झाले: औषधांमुळे येणाऱ्या अस्वस्थतेविषयी

मानसिक आजारावरची नवी गोळी सुरू होऊन आठवडा झालेला असतो. कानात ऐकू येणारे आवाज थोडे कमी झालेले असतात, संशयही जरा निवळलेला असतो, आणि नेमके त्याच सुमारास घरातले ते माणूस एका जागी बसेनासे होते. जेवायला बसते आणि चार घास खाऊन उठते, पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालते, उभे राहिले तर शरीराचा भार या पायावरून त्या पायावर टाकत राहते. काय होते आहे असे विचारले तर ‘आतून कसेसेच होते’, ‘जिवाची नुसती तगमग होते’, ‘पाय स्वस्थ राहत नाहीत’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. घरच्यांचा समज होतो की आजार पुन्हा उसळला. पुष्कळदा तपासणाऱ्या डॉक्टरांचाही तोच समज होतो, गोळीची मात्रा वाढवली जाते आणि तगमग आणखी वाढते.

हा त्रास आजाराचा नसून औषधाचा असू शकतो, हे ज्यांना माहीत असायला हवे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. वेळीच ओळखला गेला तर तो बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो. ओळखला गेला नाही तर चांगले चाललेले उपचार मोडतात आणि क्वचित जिवावरही बेतते. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेणे मला आवश्यक वाटते.

या त्रासाला नाव आहे

वैद्यकशास्त्रात याला अकॅथिसिया म्हणतात. त्याला दोन बाजू असतात. पहिली आतली: मनाला आणि शरीराला जाणवणारी, सहन न होणारी अस्वस्थता आणि हलत राहण्याची अनावर निकड. दुसरी बाहेरून दिसणारी: पाय हलवणे, जागच्या जागी पावले टाकणे, बसल्यावर पायांची अढी घालणे आणि सोडणे, सारखे उठणे. हालचाल केल्याने थोडा वेळ बरे वाटते, पण ते टिकत नाही.

प्राग येथील चेताविकारतज्ज्ञ लादिस्लाव हाश्कोवेच यांनी १९०१ मध्ये बसून राहू न शकणाऱ्या दोन रुग्णांचे वर्णन करताना हे नाव योजले. तेव्हा आजची औषधे नव्हतीच. पुढे १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांसाठी वापरले जाऊ लागले, भास आणि भ्रम कमी करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले, आणि हाश्कोवेच यांनी विरळा म्हणून नोंदवलेली स्थिती रुग्णालयांच्या वॉर्डांमध्ये नेहमी दिसू लागली. या गटातील जुन्या औषधांवर असलेल्या रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांना ती कमीअधिक प्रमाणात होते, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे हा हजारात एखाद्याला होणारा दुष्परिणाम नव्हे.

दोन बाजूंपैकी आतली बाजू अधिक महत्त्वाची आहे, कारण ती दिसत नाही. काही माणसे मनाचा निग्रह करून, खुर्चीचे हात घट्ट धरून डॉक्टरांसमोर दहा मिनिटे बसून राहतात. बाहेरून ती शांत दिसतात आणि आत त्यांचा जीव नकोसा झालेला असतो. त्यामुळे नुसते पाहून निदान होत नाही, विचारावे लागते.

शरीरात नेमके काय होते

मेंदूतील पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांपैकी एका रसायनाचे नाव डोपामिन आहे. हे रसायन मेंदूच्या एकाच भागात काम करत नाही. विचार आणि भावनांशी संबंधित भागांत त्याचा जोर वाढला तर भास आणि भ्रम होऊ शकतात. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोल भागांत तेच रसायन हालचाली सुरळीत ठेवते. विहिरीवरून निघालेल्या एकाच पाटाचे पाणी तीन वाफ्यांना जाते असे समजावे. एका वाफ्यात पाणी साचले म्हणून पाटाचे तोंडच दाबले, तर त्या वाफ्यातले पाणी ओसरते, पण उरलेले दोन वाफेही सुकू लागतात. डोपामिनला अडवणारी गोळी रक्तावाटे साऱ्या मेंदूत पोहोचते आणि फक्त हव्या त्या जागीच अडव, असे तिला सांगता येत नाही. हालचालींच्या भागातला निरोप अडला की हात थरथरणे, अंग ताठरणे किंवा ही अस्वस्थता निर्माण होते.

एवढ्यावर मात्र सगळे स्पष्टीकरण संपत नाही. अकॅथिसियाचा उगम नेमका कसा होतो यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. डोपामिन कमी पडल्यावर शरीराला सावध आणि उत्तेजित ठेवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन प्रमाणाबाहेर सक्रिय होते, असे अनेकांना वाटते. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाने पुष्कळ रुग्णांना आराम पडतो, ही गोष्ट या विचाराला बळ देते.

या संदर्भात सर्पगंधेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि ही वनस्पती जगभर पोहोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढील काही वर्षे ते मनोविकारांसाठीही दिले जात होते. रेसर्पिन डोपामिनला अडवत नाही, ते पेशींमधील डोपामिनचे साठेच रिकामे करते. मार्ग वेगळा असूनही त्यानेही रुग्णांना हीच तगमग होत असे. वनस्पतीपासून मिळालेले औषध म्हणजे दुष्परिणाम नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

कोणत्या औषधांनी हे होऊ शकते

सर्वांत जास्त शक्यता भास-भ्रमांवरील जुन्या औषधांची आहे: हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुफेनाझिन. नव्या औषधांत एकूण धोका कमी आहे, पण तो नाहीसा झालेला नाही. अ‍ॅरिपिप्राझोल, कॅरिप्राझिन आणि लुरासिडोन या नव्या औषधांनी वजन फारसे वाढत नाही म्हणून ती पसंत केली जातात, मात्र अस्वस्थतेच्या बाबतीत त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. रिस्पेरिडोनची मात्रा जसजशी वाढते तसतशी शक्यता वाढते. क्वेटियापिन आणि क्लोझापिन यांनी हा त्रास सर्वांत कमी होतो.

उदासीनता आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांनीही पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत असे होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीन रुग्णांबाबत या गटातील औषधांना ठळक इशारा जोडला, तेव्हा पालकांनी कोणत्या बदलांवर लक्ष ठेवावे हे सांगताना अकॅथिसियाचाही उल्लेख केला होता.

दोन औषधांच्या परस्परसंबंधाकडे सहसा दुर्लक्ष होते. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल व्यवस्थित सोसत असलेल्या रुग्णाला फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन जोडले, तर यकृतात पहिल्या औषधाचा निचरा मंदावतो आणि त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. मात्रा कागदावर तीच राहते, शरीरात मात्र ती वाढलेली असते.

‘मला तर फक्त उलटीची गोळी दिली होती’

ही शंका रास्त आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मळमळ, उलटी, चक्कर, अर्धशिशी आणि पोटफुगी यांवरील काही औषधेही डोपामिनलाच अडवतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड आपल्याकडे पेरिनॉर्म या नावाने, तर चक्कर आणि उलटीवरचे प्रोक्लोरपेराझिन स्टेमेटिल या नावाने ओळखले जाते. प्रोक्लोरपेराझिन आणि भास-भ्रमांवरील काही जुनी औषधे एकाच रासायनिक कुळातली आहेत. लेव्होसल्पिराइड हे औषध आपल्याकडे आम्लपित्तावरील रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. घेणाऱ्याला ती ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ वाटते आणि कित्येक जण ती महिनोन्महिने घेत राहतात. अर्धशिशीसाठी दिले जाणारे फ्लुनारिझिन आणि चक्करेसाठीचे सिनारिझिन यांनीही, विशेषतः वयस्क माणसांत, हालचालींच्या तक्रारी आणि उदासीनता येऊ शकते.

मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन शिरेतून झटकन दिले तर काही मिनिटांतच तगमग सुरू होऊ शकते. तेच औषध पंधरा मिनिटांत सावकाश सोडले तर हे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी असे इंजेक्शन दिलेला माणूस एकाएकी ‘मला काही करून घ्यायचे नाही, मला घरी जाऊ द्या’ असे म्हणू लागतो, सलाइनची नळी काढू पाहतो आणि सगळे समजतात की तो घाबरला. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये हे औषध जास्तीत जास्त पाच दिवस आणि प्रौढांना दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंतच द्यावे अशी मर्यादा घातली, ती अशाच चेतासंस्थेवरील दुष्परिणामांमुळे.

याच औषधांनी, विशेषतः तरुण मुलामुलींत, मान एका बाजूला वळणे, जबडा आखडणे किंवा डोळे वर जाऊन तिथेच थांबणे असा वेगळा प्रकारही होतो. तो अकॅथिसिया नव्हे. तेव्हा मात्र वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जावे, योग्य इंजेक्शनने तो सहसा थोड्याच वेळात सुटतो.

ही आजाराचीच अस्वस्थता नाही कशावरून?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि अनुभवी मनोविकारतज्ज्ञांनाही तो कधी कधी चकवतो. कारण मूळ आजारातही माणूस येरझाऱ्या घालतो, चिडतो, झोपत नाही. तरीही काही गोष्टी नीट पाहिल्या तर फरक कळू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे काळ. औषध सुरू होणे, मात्रा वाढणे किंवा दुसरे औषध जोडले जाणे यांनंतर काही तासांत, दिवसांत किंवा पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता सुरू झाली असेल तर आधी औषधाचा संशय घ्यावा. आजार उसळतो तेव्हा त्याचा संबंध बहुधा औषध चुकण्याशी असतो. इथे संबंध औषध वेळच्या वेळी घेण्याशी असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस काय म्हणतो. आजारामुळे येरझाऱ्या घालणाऱ्याला त्यामागचे कारण असते: कोणीतरी मागावर आहे, कोणीतरी बोलावते आहे. अकॅथिसिया झालेला माणूस म्हणतो, ‘मला बसायचे आहे पण बसवत नाही.’ त्याला ती हालचाल नकोशी असते, आणि तगमग कुठे होते असे विचारले तर तो बहुधा पाय दाखवतो. चिंतेत माणसाच्या मनात काळजीचे विषय घोळत असतात. इथे विषय काहीच नसतो, तरी शरीर स्वस्थ बसू देत नाही.

तिसरी गोष्ट विसंगतीची. भास कमी झाले, बोलणे सुसंगत झाले, आणि अस्वस्थता मात्र वाढली, असे चित्र असेल तर सगळे एकाच आजाराच्या नावावर टाकणे योग्य नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटणे, हा एक निराळा विकार आहे. तो मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री, आडवे झाल्यावर त्रास देतो आणि शरीरात लोह कमी असताना अधिक आढळतो. अकॅथिसिया दिवसभर असतो, बसल्यावर आणि उभे राहिल्यावर अधिक जाणवतो आणि आडवे झाल्यावर पुष्कळांना थोडा हलका वाटतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून रक्तातील लोहाच्या साठ्याची, म्हणजे फेरिटिनची तपासणी करून घेणे उपयोगाचे ठरते. थायरॉइडचा अतिरेक, साखर उतरणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद होणे ही कारणेही डॉक्टर पडताळून पाहतात.

ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांची स्थिती मला सर्वांत काळजीची वाटते. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध किंवा ऑटिझम असलेली मुले यांना वागणूक शांत व्हावी म्हणून हीच औषधे दिली जातात. त्यांना अकॅथिसिया झाला तर ती ओरडतात, ढकलतात, स्वतःला चावतात, आणि वागणूक बिघडली म्हणून मात्रा वाढते. अशा वेळी सांभाळणाऱ्या माणसाने ‘हे गोळी वाढवल्यानंतर सुरू झाले का?’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी उपचाराची दिशा बदलू शकते.

घरच्यांनी काय पाहावे, काय लिहून ठेवावे

हा त्रास मोजण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ जी पद्धत सर्वांत जास्त वापरतात ती ब्रिटनमधील थॉमस बार्न्स यांनी १९८९ मध्ये मांडली. तिच्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाशी साधे बोलत असताना त्याला किमान दोन मिनिटे बसलेला आणि किमान दोन मिनिटे उभा असलेला पाहायचे, मग आत अस्वस्थता जाणवते का आणि तिचा किती त्रास होतो हे त्यालाच विचारायचे. गुण देण्याचे काम डॉक्टरांचे, पण पाहण्याचे आणि विचारण्याचे काम घरीही करता येते.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर कोणते औषध कोणत्या तारखेला सुरू झाले, मात्रा कधी बदलली, त्रास कोणत्या तारखेला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू झाला, हे ओळीने लिहावे. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या पोटाच्या, उलटीच्या, चक्करेच्या गोळ्यांची नावेही त्यात असावीत. चहा-कॉफी किती होते हेही लिहावे, कारण तिने तगमग वाढते. ‘तो बेचैन आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘दहा तारखेला गोळी वाढवली, बारा तारखेपासून तो जेवताना तीनदा उठतो आणि पाय थांबत नाहीत म्हणतो’ असे सांगितले तर डॉक्टरांना निदान करणे पुष्कळ सोपे जाते. शक्य असल्यास मोबाइलवर येरझाऱ्यांचे मिनिटभराचे चित्रण, रुग्णाला विचारून, करून ठेवावे. दवाखान्यात तो नेमका शांत बसलेला असू शकतो.

डॉक्टर काय करू शकतात

पहिला उपाय कारणीभूत औषधाकडे पाहण्याचा. मात्रा कमी करता येते का, ती फार झपाट्याने वाढवली गेली का, कमी त्रासाचे दुसरे औषध चालेल का, याचा विचार होतो. उलटीचे किंवा पोटाचे औषध कारणीभूत असेल तर ते थांबवून दुसरे देणे बहुतेकदा सोपे असते. मनोविकाराच्या औषधात निर्णय अधिक तोलून घ्यावा लागतो, कारण तेच औषध भास आवरत असते.

तेवढ्याने भागले नाही तर त्रास शमवणारे औषध जोडतात. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल अनेक वर्षे वापरात आहे. सहसा १० मिलिग्रॅमपासून दिवसातून दोन-तीनदा अशी सुरुवात करून, नाडी आणि रक्तदाब पाहत मात्रा वाढवतात. ज्यांना दमा आहे, हृदयाचे ठोके फार मंद आहेत किंवा हृदयातील विद्युतवहनात अडथळा आहे, त्यांना ते देत नाहीत. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड ते झाकू शकते. ही गोळी रक्तदाब आणि हाताच्या थरथरीसाठीही देतात, त्यामुळे ती पुष्कळ घरांत असते. घरात आहे म्हणून ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉल चालत नसेल तर कमी मात्रेतील मिर्टाझापिन हा एक पर्याय आहे. तगमग फार तीव्र असेल तर थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम देतात. त्यांची सवय लागू शकते, म्हणून ती थोड्या दिवसांपुरतीच ठेवायची. या सगळ्या उपायांमागचा पुरावा मोठ्या आणि भक्कम अभ्यासांचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासणे आणि उपयोग होत नसलेले औषध थांबवणे हा उपचाराचाच भाग असतो.

आपल्याकडे मनोविकाराच्या चिठ्ठीवर ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी इतकी नेहमीची आहे की घरोघरी तिला ‘साइड इफेक्टची गोळी’ म्हणतात, आणि कित्येकदा ती मुख्य औषधाबरोबर एकाच गोळीत असते. थरथर आणि ताठरपणा यांवर ती गुणकारी आहे. अकॅथिसियावर तिचा उपयोग मर्यादित आहे, थरथर-ताठरपणाही सोबत असेल तेव्हाच तो थोडाफार दिसतो. ‘साइड इफेक्टची गोळी चालूच आहे, मग हा साइड इफेक्ट कसा असेल?’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. शिवाय ती तोंड कोरडे करते, बद्धकोष्ठ वाढवते आणि वृद्धांची स्मृती मंदावते.

मग औषध बंदच का करू नये?

त्रास भोगणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणे अगदी साहजिक आहे. उलटी किंवा पोटफुगीचे औषध असेल तर डॉक्टरांना फोन करून ते थांबवण्यास सहसा अडचण नसते. भास-भ्रमांवरचे औषध एकदम सोडणे मात्र दोन कारणांनी घातक आहे. मूळ आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येण्याची शक्यता खूप वाढते, आणि औषध एकाएकी काढल्यानेही अशीच अस्वस्थता निर्माण होऊ शकते. त्यामुळे सोडल्यावर तगमग वाढली तर घरचे पुन्हा गोंधळतात. दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इंजेक्शनांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. एकदा दिलेले इंजेक्शन परत काढता येत नाही, म्हणून असे इंजेक्शन सुरू करण्याआधी त्याच औषधाच्या गोळ्या सोसतात का हे पाहून घेण्याची पद्धत आहे आणि ती पाळली जाते का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावे.

औषध सोडू नये याचा अर्थ पुढच्या महिन्याच्या तारखेपर्यंत सोसत राहावे असा नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्याशी संपर्क साधावा. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत दुरून येणाऱ्या कुटुंबांना पुढची तारीख गाठणेच कठीण जाते, याची मला जाणीव आहे. त्यांनी निदान जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात जावे किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत असून ती चोवीस तास उपलब्ध असते.

जिवावर बेतते ते केव्हा

अकॅथिसिया आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध वैद्यकीय लेखनात वारंवार नोंदवला गेला आहे. यात दुःखापेक्षा असह्यतेचा भाग मोठा असतो: ही तगमग थांबावी, मग कशीही थांबो, अशी माणसाची अवस्था होते. ‘यापेक्षा मेलेले बरे’ हे वाक्य घरात अनेकदा सहज बोलले जाते, पण नवे औषध सुरू झालेल्या आणि बसू न शकणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आले तर ते शब्दशः घ्यावे. त्याला एकटे ठेवू नये, गोळ्यांचा साठा, कीटकनाशके आणि धारदार वस्तू हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्याच्याशी थेट बोलावे, मनात तसे विचार येतात का हे विचारावे. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. ही तगमग औषधामुळे आहे आणि ती कमी करता येते, एवढे कळल्यानेही माणसाला मोठा धीर येतो, कारण तोपर्यंत आपण कायमचे वेडे होत आहोत अशीच त्याची समजूत झालेली असते.

अशा माहितीने लोक घाबरून औषधे सोडणार नाहीत का?

हा आक्षेप डॉक्टर मंडळी मनापासून घेतात आणि त्यामागची काळजी खरी आहे. तरीही तो मला मान्य नाही. औषध सोडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वाचून घाबरलेले नसतात. त्यांना जे झाले त्याबद्दल आधी कोणी काही सांगितलेले नसते आणि नंतर कोणी त्यावर विश्वास ठेवलेला नसतो. पाय स्वस्थ राहिले नाहीत तर कळवा, त्यावर उपाय आहे, हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकलेला माणूस गोळी फेकून देण्याआधी फोन करण्याची शक्यता अधिक.

शिवाय हा प्रश्न डॉक्टरांच्या मर्जीचा राहिलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती, समजेल अशा भाषेत आणि रीतीने मिळवण्याचा अधिकार आहे. ‘या गोळीने बसवेनासे होऊ शकते का?’ असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

त्रास ओसरल्यानंतर

औषध थांबवल्यावर किंवा मात्रा कमी केल्यावर बहुतेकांची तगमग काही दिवसांत, काहींची काही आठवड्यांत ओसरते. फार काळ औषध घेतलेल्यांत ती कधी कधी रेंगाळते. तेव्हा उपचार चिकाटीने आणि मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे लागतात.

झालेला दुष्परिणाम नोंदवताही येतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात, त्यासाठी डॉक्टरच असण्याची अट नाही. आणि रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर, जिथे आपण अ‍ॅलर्जी लिहितो तिथेच, औषधाचे मूळ नाव, मात्रा, तारीख आणि ‘अकॅथिसिया झाला होता’ असे ठळक लिहून घ्यावे. कंपनीचे नाव लिहून भागत नाही, कारण तेच औषध निरनिराळ्या नावांनी विकले जाते. पुढे कधी अपघातानंतर, बाळंतपणात किंवा साध्या उलट्यांसाठी अनोळखी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर उलटीचे इंजेक्शन भरण्यापूर्वी परिचारिकेच्या नजरेला पडेल अशी ती ओळ असावी.